एकच काप

पोर्तुगालच्या उत्तरेस मिन्यो हा शेतकऱ्यांचा प्रांत आहे. तेथील ‘काल्दु वेर्द’ म्हणजे ‘हिरवा रस्सा’ आज त्या देशात घरोघरी रांधला जातो. बटाटा, कांदा व लसूण शिजवून घोटायचे. गड्डा न धरणाऱ्या कोबीची पाने दोऱ्यासारखी बारीक चिरून त्यात थोडा वेळ उकळायची. वरून ऑलिव्ह तेलाची धार आणि सोबतीला मक्याचा पाव. शेवटी प्रत्येक वाडग्यात ‘शोरिसु’चा, म्हणजे धुरी दिलेल्या डुकराच्या मांसाच्या सॉसेजचा, एक काप. गोव्याचे चोरीस याच घराण्यातले.

काप एकच का? हिवाळ्यात मारलेल्या डुकराचे मांस चुलीवरच्या धुरात टिकवून महिनोन्‌महिने पुरवावे लागे. पाने परसात मुबलक. मांस मात्र मोजके.

या काटकसरीला सद्‌गुण म्हणावे काय? १९५०च्या दशकात आमालिया रोद्रिगिश यांच्या आवाजात गाजलेल्या ‘उमा काझा पुर्तुगेझा’ या गीतात गरीब घराचे समाधान रंगवले आहे, आणि त्या घरात हे वाफाळते सूपही आहे. गीत गोड आहे. परंतु तो सालाझार यांच्या हुकूमशाहीचा काळ होता. दारिद्र्यातील समाधानाची स्तुती सत्तेला सोयीचीच होती. १९६०च्या दशकात उत्तरेकडील खेड्यांतून असंख्य माणसे मजुरीसाठी फ्रान्सला निघून गेली. मागे राहिलेली बंद घरे त्या स्तुतीला पुरेसे उत्तर देत होती.

असिसीच्या संत फ्रान्सिसने दारिद्र्य स्वीकारले; मिन्योच्या शेतकऱ्याच्या ते वाट्याला आले. या दोहोंना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे. संत लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशू गरिबांना धन्य म्हणतो, तेव्हा लगोलग श्रीमंतांना इशाराही देतो. आम्ही धर्मगुरू प्रवचनात पुष्कळदा पहिला भाग सांगतो आणि दुसऱ्यापाशी आवाज खाली आणतो.

तरीही त्या वाडग्यात एक सद्‌गुण आहेच. काप लहान का, याचे कारण दारिद्र्य; पण तो प्रत्येकाच्या वाडग्यात का, याचे कारण दारिद्र्य नव्हे. थोडके असताना बलवानाने सगळे ओढून घेणेही शक्य असते. वाढणाऱ्या हाताने तसे होऊ दिले नाही. तो निर्णय त्या घराचा स्वतःचा होता, आणि खरी स्तुती त्याचीच व्हावी.

आज आपल्या अनेक ताटांत कापांची मोजदाद राहिलेली नाही. म्हणून संतोषाचा उपदेश करण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःस विचारावे : तो मी कोणाला करीत आहे? ज्याच्या वाडग्यात एकच काप आहे त्याला, की पातेले ज्याच्या हाताशी आहे त्याला, म्हणजे कदाचित मलाच?