कंसातले चेहरे

दिवाळीच्या चार दिवसांत मोबाइलवर येणाऱ्या शुभेच्छांची मोजदाद करणे मी केव्हाच सोडून दिले आहे. पणत्या, आकाशकंदील, भुईनळे यांची रंगीत चित्रे धाडणारे पुष्कळ असतात. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा निरोप मात्र अगदीच बिनरंगाचा असतो. एक ओळ मजकूर आणि तिच्या शेवटी (^_^) अशी खूण. हा मुलगा जपानात, नागोयाजवळच्या एका कारखान्यात कामाला आहे. खूणही तिकडचीच.

ती वाचावयाची नसते, पाहावयाची असते. टोपीसारख्या दोन खुणा म्हणजे हसताना मिटलेले डोळे, मधली आडवी रेघ म्हणजे ओठ आणि दोन्हीकडचे कंस म्हणजे गाल. जपानी लोक हिला काओमोजी म्हणतात. काओ म्हणजे चेहरा आणि मोजी म्हणजे अक्षर. आपल्याकडे घरोघर माहीत झालेला इमोजी हा शब्दही जपानीच. त्यातला ए म्हणजे चित्र. इंग्रजी इमोशनशी त्याचे काही नाते असावे असे पुष्कळांना वाटते, पण ते तसे नाही.

१९८२ साली अमेरिकेत स्कॉट फालमन या प्राध्यापकाने अपूर्णविराम, छोटी रेघ आणि कंस यांचा हसरा चेहरा सुचविला. पण तो पाहावयाचा तर मान डाव्या खांद्याकडे कलती करावी लागते. १९८६ साली यासुशी वाकाबायाशी यांनी आस्की नेट नावाच्या संगणकी टपालावर जो चेहरा धाडला तो सरळ उभा होता. फरक एवढाच नाही. अमेरिकन खुणेत डोळे नुसते दोन ठिपके. हसावयाचे ते ओठांनी. जपानी खुणेत ओठ बहुधा सरळ रेघच राहतात. हसणे, रडणे, ओशाळणे जे काय असेल ते डोळ्यांत. मासाकी युकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली या गोष्टीचा शास्त्रीय पडताळा प्रसिद्ध केला. समोरच्याच्या मनात काय आहे हे ताडताना जपानी माणूस डोळ्यांवर अधिक भरवसा ठेवतो आणि अमेरिकन तोंडावर, असे त्यांना आढळले.

अक्षरांतून चेहरा काढण्याचा नाद जपान्यांना मोबाइलच्या फार आधीपासूनचा आहे. हे, नो, हे, नो, मो, हे, जी ही सात अक्षरे विशिष्ट जागी लिहिली की भुवया, डोळे, नाक, तोंड आणि हनुवटीसकट एक चेहरा तयार होतो. तिकडची मुले तो वहीत काढतात आणि शेतकरी बुजगावण्याच्या तोंडावर. आपण ॐकारातून गणपती काढतो त्याचाच हा चुलतभाऊ. मजेची गोष्ट अशी की जगभर फिरणाऱ्या या चेहऱ्यांत एक आपल्या शेजारचाही आहे. कानडीतला ठ म्हणजे पोटात ठिपका असलेले वाटोळे. दोन ठ आणि मध्ये एक रेघ काढली की नापसंतीने रोखून पाहणारा चेहरा होतो. सीमेवरच्या एस. टी. स्टँडवर हे अक्षर मी जन्मभर पाहत आलो. त्याच्यात एवढा दरारा दडला आहे हे मला ठाऊक नव्हते.

हे सारे गमतीचे झाले. माझे मन अडते ते निराळ्याच ठिकाणी. जपानी मोबाइलवर काओ एवढी दोन अक्षरे उमटवली की चेहऱ्यांची रांगच्या रांग पुढे येते म्हणे. हसरे, रडके, घाम फुटलेले, लाजलेले. त्यातला एक निवडावयाचा आणि धाडून द्यावयाचा. भावना आधी आणि तिची खूण मागाहून, हा आजवरचा क्रम. येथे खुणा आधी मांडून ठेवल्या आहेत आणि भावनेने येऊन आपली निवड करावयाची आहे. मग ज्याच्या डोळ्यांत टिपूसही नाही त्याने (;_;) असा रडका चेहरा धाडला तर ते खोटे बोलणे नव्हे काय?

घाईने होय म्हणण्यापूर्वी आपल्या घरातल्या जुन्या पत्रांची पेटी उघडावी. सा. न. वि. वि. असे लिहिणाऱ्या कोणत्या काकांनी लिहिण्यापूर्वी जमिनीवर लोटांगण घातले होते? साष्टांग नमस्कारातली आठ अंगे चार अक्षरांत घडी करून ठेवली होती, आणि वाचणाऱ्यालाही ते ठाऊक होते. छापील भाषणांत कंसात 'हशा' आणि 'टाळ्या' असत. जपानी मासिकांतही परिसंवादाच्या वृत्तांतात कंसात हास्याचे अक्षर छापण्याची रीत आहे. आणि कादंबरीकाराने तर या बाबतीत फार ताठ मानेने बोलूच नये. कोरड्या डोळ्यांनी दुसऱ्याचे रडणे लिहिणे हा त्याचा धंदाच आहे.

अकुतागावा या जपानी लेखकाची 'हातरुमाल' ही १९१६ सालची कथा मला या संदर्भात नेहमी आठवते. मॅट्रिकपुढे न गेलेल्या माझ्यासारख्या मास्तरला ती पुष्कळ उशिरा भेटली, पण भेटली ती कायमची. एक बाई आपल्या मुलाच्या प्राध्यापकांकडे येते आणि मुलगा गेल्याचे सांगते. आवाज शांत, ओठांवर हसू. प्राध्यापक चकित होतात. इतक्यात हातातला पंखा खाली पडतो, तो उचलायला ते वाकतात आणि टेबलाखाली त्यांना तिचे हात दिसतात. ते थरथरत आहेत आणि त्यांतला रुमाल फाटेल इतका पिळला जात आहे. प्राध्यापकांचे मन भरून येते. दुसऱ्या एखाद्या लेखकाने कथा येथेच संपवली असती. अकुतागावा तसे करीत नाही. रात्री प्राध्यापक स्ट्रिंडबर्गचे नाट्यकलेवरचे पुस्तक उघडतात, तर त्यात नेमकी हीच लकब! चेहऱ्यावर हसू आणि हातांनी रुमाल फाडणे, या एका नटीच्या अभिनयाला तो आता रुचिहीन क्लृप्ती म्हणतो. प्राध्यापकांची झोप उडते. त्या बाईचे दुःख खरे की क्लृप्ती?

मला वाटते, दोन्ही. दुःख खरे होते, आणि ते दाखवावे कसे नि झाकावे कसे याची रीत तिला समाजाकडून आयती मिळाली होती. रीत आयती आहे म्हणून दुःख आयते ठरत नाही. तथापि हे कागदावर लिहिणे सोपे असते. मला ते एका म्हातारीपुढे बसून ठरवावे लागले.

वर ज्या विद्यार्थ्याचा उल्लेख केला त्याची आई आमच्याच गल्लीत राहते. तिला अक्षरओळख नाही. मुलगा एरवी सुट्टीच्या दिवशी चेहरा दिसेल असा फोन लावतो. तिकडचे घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास. आक्का चुलीपुढून उठून हात पुसत बोलते. वडिलांचे वर्षश्राद्ध आठवड्यावर आले तेव्हा मात्र फोन आला नाही, निरोप आला. मोबाइल घेऊन ती माझ्याकडे आली. मी वाचले, 'आई, रजा मिळाली नाही. श्राद्धाला येणे होत नाही. माफ कर.' आणि पुढे तीन चेहरे, (;_;) (;_;) (;_;).

पूर्वीच्या मास्तरांना गावाची पत्रे वाचून दाखवावी लागत; पण त्यांना चेहरा वाचून दाखवण्याची पाळी आली नसेल. तो रडतो आहे असे म्हणावे, तर मी कशाच्या आधारावर साक्ष देऊ? नुसता मजकूर वाचून थांबावे, तर मुलाने पाठवलेले अर्धे मी गिळून टाकले असे होईल. मी म्हटले, "आक्का, शेवटी त्यानं रडका चेहरा काढलाय."

"बगू," ती म्हणाली. मी अक्षरे मोठी करून दाखवली. तिने मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"तोंड सरळ हाय की गुरुजी. डोळंच तेवढं गळत्यात."

"होय. तिकडं तसंच काढतात."

"त्याचा बा असाच रडायचा. आवाज न्हाई, काय न्हाई." थोडा वेळ ती गप्प बसली. मग म्हणाली, "पर फोन का न्हाई केला त्यानं?"

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि ते तिलाही नको होते. ज्या दिवशी आपला चेहरा दाखवावयाचा नसतो त्या दिवशी माणूस चेहऱ्याची खूण धाडतो, हे तिने न शिकता ओळखले होते. त्या तीन चेहऱ्यांना तिने खोटे म्हटले नाही. त्यांच्यावर ती भुललीही नाही. खुणेमागे मुलगा आहे आणि तो आपल्यासमोर येण्याचे टाळतो आहे, या दोन्ही गोष्टी तिने एकदम पत्करल्या. प्राध्यापकांची झोप ज्याने उडाली ते कोडे आक्काने ओट्यावर बसून, पदराने मोबाइलची काच पुसता पुसता बाजूला ठेवले. "लिव्हा," ती म्हणाली, "नैवेद्य दाखवीन म्हणावं तुझ्या नावानं. आन् ऐतवारी फोन कर म्हणावं."

तेव्हापासून माझा आक्षेप खुणेवर राहिलेला नाही. तो आहे खुणेने हिशेब चुकता करण्यावर. जपान्यांचा क्षमा मागणारा एक चेहरा आहे. कंसात मिटलेले डोळे, आणि दोन्ही बाजूंना इंग्रजी एम हे अक्षर. ते जमिनीला टेकलेले हात. काढायला पाच-सहा अक्षरे लागतात आणि धाडायला एक बोट. जो माणूस दुसऱ्या दिवशी समोर आल्यावरही मान लववणार आहे त्याच्या बाबतीत ही खूण म्हणजे आगाऊ धाडलेला नमस्कार. समोर यावेच लागू नये म्हणून जो ती धाडतो त्याचा चेहरा कितीही वाकलेला असो, पाठ ताठच असते. अक्षरे मात्र दोघांची सारखीच. ती पाहून दोघांतला कोण कोणता हे ओळखण्याची युक्ती मला अजून सापडलेली नाही. आक्काने रविवारची वाट पाहिली, तेवढीच काय ती माझ्या माहितीत आहे. फोन आला.

यंदा सहामाहीच्या आधी नववीला पत्रलेखन दिले होते. खिडकीची काच फोडल्याबद्दल मुख्याध्यापकांची क्षमा मागणारे पत्र. विषय कल्पित नव्हता. काच खरोखरच फुटली होती आणि फोडणारा त्याच वर्गात होता. त्याचे पत्र चार ओळींचे होते आणि सहीच्या जागी तो हात टेकलेला चेहरा. वर्गातली मुले माझ्याकडे पाहू लागली. मी गुण कापले नाहीत. हेडसरांना जाऊन भेटलास का, एवढे विचारले. त्याने मान हलवली, नाही म्हणून.

"मग वही घेऊन जा," मी म्हटले. तो गेला. तासभराने परत आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. आत काय झाले ते मी विचारले नाही.