खिडकीपाशी कोण बसतं?

घरातल्या एखाद्या खोलीत जमिनीवर बसा. सतरंजी असली तर ठीक, नसली तरी चालेल. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. दिवा बंद करा, पंखाही. सकाळ असेल तर उत्तम, पण जी वेळ मिळेल ती चांगलीच. पाठ भिंतीला टेका आणि काही मिनिटं काहीच ठरवू नका. रंग द्यायचा राहिलाय, सोफा जुना झालाय, पडदे बदलायला हवेत, हे सगळं मनात येईल. येऊ द्या, जाऊ द्या. घर सजवायचा विचार आपण बहुधा घाईत करतो आणि वस्तूंपासून सुरू करतो. आज तो बसून करू, आणि जे दुकानात मिळत नाही त्यापासून सुरू करू.

आता फक्त उजेडाकडे पाहा. तो कोणत्या खिडकीतून येतोय, आधी कशावर पडतोय, कुठे संपतोय. खिडकीखालच्या फरशीवर तो लख्ख असतो. पलंगापर्यंत येताना मऊ होतो, कपाटाच्या कडेला करडा पडतो आणि दारामागच्या कोपऱ्यात जवळजवळ नाहीसा होतो. एरवी हे लक्षात येत नाही, कारण डोळा चटकन जुळवून घेतो. भर उन्हात उघड्यावर सुमारे एक लाख लक्स उजेड असतो. खिडकीपासून दहा-बारा फूट आत तो काही शेवर येतो, कधी त्याहूनही खाली. तरी डोळ्यांना सगळं दिसत असतं, म्हणून आपण निर्धास्त असतो. शरीराला मात्र फरक कळतो. कधी झोप यावी, कधी जाग यावी हे ठरवणारं आपल्या आतलं घड्याळ दिवसाच्या उजेडावर चालतं. दिवसभर काळोख्या खोलीत आणि रात्री उशिरापर्यंत पांढऱ्याशुभ्र ट्यूबखाली राहिलं, की ते हळूहळू चुकू लागतं.

त्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे थोडा वेळ पाहत राहा. दिवसातला बराच वेळ तिथे कोणी असतं का? असेल तर त्या माणसाचं नाव मनात धरून ठेवा. पुढे त्याची गरज लागेल.

कोकणातल्या कौलारू घरांत माजघर असंच काळोखी असतं. चारी बाजूंनी खोल्या, बाहेरची भिंत नाही, त्यामुळे खिडकी काढायला जागाच नाही. तिथे छपरात एखाददुसरं काचेचं कौल बसवतात. ऊन वर आलं की त्यातून कवडसा उतरतो, जमिनीवर हातभर चौकोन पडतो, त्यात धुळीचे कण तरंगताना दिसतात. उन्हाबरोबर तो चौकोन सरकत राहतो, आणि तांदूळ निवडणारी बाई सूप घेऊन त्याच्यामागे सरकत जाते. एका कौलाने अख्ख्या माजघराचा दिवस उघडतो. उजेड किती आहे यापेक्षा तो नेमका कुठे उतरतो, याला घरात जास्त मोल आहे.

आता उन्हाची दिशा आठवा. तुमची खिडकी कुठे तोंड करून आहे? मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात डिसेंबरात भर दुपारीही सूर्य दक्षिणेला सुमारे ४८ अंशांवरच असतो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीतून थंडीतलं ऊन आतवर येतं. मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस तो दुपारी थेट डोक्यावर येतो आणि मधल्या काळात किंचित उत्तरेला कलतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवर हात-दीड हाताचा छज्जा असला, की उन्हाळ्यातलं ऊन आपोआप बाहेर राहतं आणि थंडीतलं आत येतं. पश्चिमेची खिडकी मात्र अवघड. तिथे दुपारनंतर ऊन आडवं शिरतं, छज्ज्याला जुमानत नाही, आणि भिंत तापून रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहते. तरीही मुंबईत समुद्रावरचा वारा याच बाजूने येतो. कंबाला हिलवरच्या कांचनजंगा इमारतीत वास्तुकार चार्ल्स कोरिया यांच्यापुढे हाच पेच होता. १९८३ साली पूर्ण झालेल्या त्या उंच इमारतीत त्यांनी जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्याची युक्ती वापरली: कोपऱ्यांवर दोन मजले उंचीच्या, झाडं लावता येतील अशा खोल गच्च्या काढल्या. ऊन आणि पाऊस तिथेच थांबतो, वारा पुढे घरात येतो.

आपल्याकडे तशी गच्ची नसेल. पण ऊन काचेच्या आत येण्याआधीच अडवायला हवं, हे त्यातून घेता येतं. आतला जाड पडदा ऊन अडवतो तेव्हा ऊब आधीच खोलीत शिरलेली असते. बाहेरच्या बाजूला बांबूची चटई सोडली, वाळ्याचा पडदा लावला किंवा ग्रिलवर वेल चढवली, तर ती ऊब बाहेरच राहते. वाळ्यावर पाणी शिंपडलं तर विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात आत येणारा वारा गार होऊन येतो. कोकणच्या दमट हवेत तो उपाय चालत नाही, तिथे नुसती सावली आणि वारा हवा. प्रत्येक गावाच्या हवेला वेगळं उत्तर लागतं. तुमच्या गावचं उत्तर तुमच्या आजीच्या घरात कदाचित अजून उभं असेल. ते घर डोळ्यांसमोर आणा. उन्हाळ्याच्या दुपारी सगळे त्यातल्या कोणत्या खोलीत आडवे व्हायचे? का?

आता वाऱ्याकडे वळू. तो दिसत नाही, म्हणून त्याला दाखवायला लावू. एक उदबत्ती पेटवा आणि खिडकीशी, चौकटीच्या आत धरा. हात स्थिर ठेवा. धूर सरळ वर जातोय, आत वळतोय की बाहेर ओढला जातोय? मग खोलीचं दार उघडा आणि पुन्हा पाहा. बहुतेक घरांत दार उघडताच धुराची रेघ एकदम वाकते. वाऱ्याला आत यायला जशी वाट लागते तशीच बाहेर पडायलाही लागते. एकच खिडकी आणि बंद दार असेल तर बाहेर कितीही वारा असो, खोली कोंदटच राहते. दारावर झडप असलेल्या जुन्या खोल्यांत दार लावूनही हवा खेळती राहायची, कारण गरम हवा वर चढून त्या झडपेतून निघून जायची. नूतनीकरणात ती झडप आपण प्लायने बंद केली असेल, तर ती उघडता येते का ते पाहा. उदबत्ती आता विझवा. तिचा धूरही श्वासातच जातो.

खिडकीजवळ जाऊन उभे राहा. सरकत्या काचांची खिडकी असेल तर ती खरी किती उघडते? दोन पट्ट्यांची असेल तर जेमतेम अर्धी. त्या अर्ध्यावर डासांची जाळी. जाळीवरून बोट फिरवा. बोटाला करडी धूळ लागली तर समजा, तिची भोकं बुजत आली आहेत. ती काढून साबणाच्या पाण्यात ब्रशने धुतली, की खोलीत येणारा वारा लगेच वाढलेला जाणवतो. मग ग्रिलमधली अडगळ पाहा: रिकाम्या कुंड्या, जुनी बरणी, मोडका स्टूल, कपड्यांचं स्टँड. खिडकीवर अर्धं आलेलं कपाट पाहा. घर सजवणं म्हणजे काही आणणं असं आपल्या मनात पक्कं बसलंय. उजेड आणि हवा यांच्या बाबतीत पहिलं काम काढण्याचं असतं.

आता हळूहळू श्वास घ्या आणि स्वयंपाकघराकडे मन न्या. फोडणी देताना, तळताना आणि गॅसच्या ज्योतीतूनही जे सूक्ष्म कण आणि वायू निघतात, त्यांचा घरातल्या हवेच्या प्रदूषणात मोठा वाटा असतो. २.५ मायक्रॉनहून बारीक, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा वीस-तीस पट बारीक कण नाकात अडत नाहीत, थेट फुप्फुसात खोलवर जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या कणांची वर्षभराची सरासरी मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम ठरवली. भारताची मर्यादा ४० आहे. रस्त्यावरच्या धुराची चर्चा आपण करतो. ओट्यावरच्या धुराची करत नाही, कारण त्याला जेवणाचा वास असतो. एक्झॉस्ट फॅन गॅस पेटवण्याआधी सुरू करायचा, स्वयंपाक संपल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवायचा, आणि त्या वेळी घरातली दुसरी एखादी खिडकी उघडी ठेवायची. बाहेर टाकलेल्या हवेच्या जागी नवी हवा कुठून तरी आत आलीच पाहिजे.

आणि रात्र. दारं-खिडक्या बंद, एसी सुरू, दोन माणसं झोपलेली. बहुतेक घरांतला स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा गार करतो. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखात सव्वाचारशे भागांच्या आसपास असतो. अशा बंद खोलीत पहाटेपर्यंत तो सहज हजाराच्या पुढे जातो. सकाळी जड वाटणाऱ्या डोक्याचं हेही एक कारण असू शकतं. खिडकीला बोटभर फट ठेवली किंवा झोपायच्या आधी आणि उठल्यावर खिडक्या सताड उघडल्या, तर फरक पडतो.

इथे झाडांचा विचार येतो. नासाने १९८९ मध्ये हवाबंद पेट्यांमध्ये प्रयोग केले, तेव्हापासून स्नेक प्लँट आणि मनी प्लँट हवा शुद्ध करतात असं घरोघर सांगितलं जातं. पण घर हवाबंद पेटी नसतं. २०१९ मध्ये अशा प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा दिसलं की उघड्या खिडकीइतकं काम करायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. झाड लावा, मन लावून लावा. त्याच्या हिरवेपणासाठी, रोज पाणी घालण्यातल्या निवांतपणासाठी. हवेचं काम मात्र खिडकीलाच करू द्या.

पाय अवघडले असतील तर मांडी बदला. आता मघाशी मनात धरून ठेवलेलं नाव पुन्हा आठवा. त्या माणसाकडे वळण्याआधी शहराचा एक जुना नियम पाहू.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा राहिला. दाट वस्त्यांतल्या काळोख्या, कोंदट खोल्या हा शहराचा प्रश्न आहे, हे तेव्हा उघडपणे मान्य झालं. ट्रस्टने पुढे साडेत्रेसष्ट अंशांचा नियम धरला, आणि ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी त्याचा हिरिरीने पुरस्कार केला. सोप्या शब्दांत, खिडकीसमोर जेवढी मोकळी जागा आहे, तिच्या दुपटीपेक्षा समोरची भिंत उंच नको. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे नंतर पक्कं झालं. तरी नियमातलं तत्त्व खोटं ठरलं नाही, कारण क्षय हवेतून पसरतो आणि कोंदट, अंधाऱ्या खोल्या त्याला आजही साथ देतात. या नियमाकडे शांतपणे पाहिलं तर तो वाटणीचा नियम आहे. माझी भिंत उंच झाली की तुझ्या घरात काळोख पडतो, म्हणून मी कुठे थांबायचं ते त्यात ठरलेलं आहे.

तोच नियम घराच्या आत आणून पाहा. आपल्या घरात सर्वांत मोठी खिडकी बहुधा हॉलला असते. तिथे पाहुणे बसतात, तेही अधूनमधून. ओटा डक्टकडे तोंड करून असतो आणि घरातली एखादी बाई तिथे रोज तीन-चार तास उभी असते. आजी-आजोबांची खाट आतल्या खोलीत, कारण तिथे वर्दळ नाही. वय वाढतं तसा डोळ्यांना जास्त उजेड लागतो, आणि दिवसाचा बहुतेक वेळ घरात काढणाऱ्यालाच खिडकी सर्वांत दूर असते. पोरांचं अभ्यासाचं टेबल भिंतीकडे, टीव्ही उजेडाच्या जागी. ही वाटणी कोणी वाईट हेतूने केलेली नसते. बहुतेकदा ती कोणी केलेलीच नसते. सामान आलं, जिथे मावलं तिथे ठेवलं, आणि माणसं उरलेल्या जागेत बसली.

आता मनातल्या मनात घर फिरा. प्रत्येक माणसाजवळ क्षणभर थांबा आणि त्याच्या जागेवरून पाहा. त्याला आकाशाचा तुकडा दिसतो का? त्याच्या अंगाला वारा लागतो का? वाचताना त्याच्या हाताची सावली पानावर पडते का? जो माणूस सर्वांत जास्त वेळ घरात असतो, त्याच्या वाट्याला उजेड आणि हवा सर्वांत कमी आली आहे का? उत्तर आलं की त्याला लगेच उपाय जोडू नका. ते पुरतं मनात उतरू द्या. सुंदर घराची व्याख्या मी तरी याच प्रश्नावर करीन. रंग, टाइल्स, दिवे, कोनाड्यातल्या मूर्ती हे सगळं मला आवडतं, पण घरातलं सर्वांत थकलेलं माणूस जिथे बसतं तिथे उजेड आणि वारा पोचत असेल, तरच ते घर नीट लागलेलं आहे असं मला वाटतं.

उठण्याआधी एकच गोष्ट ठरवा. आजीची खाट खिडकीकडे सरकवायची असेल, ओट्यावरच्या खिडकीतला पत्रा काढायचा असेल, खिडकीला काटकोनात असलेल्या भिंतीला पांढरा रंग देऊन उजेड आत पाठवायचा असेल, पाठीमागच्या भिंतीपासून कपाट चार बोटं पुढे ओढायचं असेल म्हणजे पावसाळ्यात ओल आणि बुरशी धरणार नाही. पण ठरवण्याआधी त्या माणसाला विचारा, तुम्हाला कुठे बसायला आवडेल? आजी कदाचित म्हणतील, मला वारा सोसत नाही, ऊन तेवढं येऊ दे. मुलगा म्हणेल, मला दाराकडे पाठ नको. त्यांना जे हवं ते आपल्या कल्पनेपेक्षा वेगळं निघेल, आणि तसंच करा.