हातगुण

पंचाहत्तरी उलटली तशी डॉक्टरांनी खोपोलीच्या बाजारातल्या दवाखान्याची पाटी उतरवली. सगळ्यांत जास्त नाराज झाल्या काकू. त्यांनी जन्मभर पुड्या बांधल्या होत्या, औषधाच्या बाटल्यांवर डोसाच्या खाचा पाडलेल्या कागदी पट्ट्या चिकटवल्या होत्या आणि उधारीची वही सांभाळली होती. वसुलीला मात्र कधी कोणाच्या दारात गेल्या नाहीत. मुलगा पनवेलला हृदयरोगतज्ज्ञ. तो म्हणाला, "मी आठवड्यातून दोनदा येतो. बाबा नुसते बसले तरी पेशंट येतील."

"नुसतं दर्शनच हवं असेल, तर महडला वरदविनायक आहे की!" डॉक्टर म्हणाले.

तरीही लोक येतच राहिले. टाटांच्या पॉवर हाऊसमधून निवृत्त झालेले, कागद गिरणीतले, घाटाखालच्या वाड्यांवरचे. सगळ्यांचं एकच पालुपद : तुमच्या हाताला गुण आहे. डॉक्टर पाणी विचारत, घरची चौकशी करत आणि सरकारी दवाखान्याचा रस्ता दाखवत. माणूस म्हातारपणी कडू झाला, असं गावात बोललं जाऊ लागलं. काकूही एकदा म्हणाल्या, "अहो, नाडी बघायला काय जातं तुमचं?"

भातकापणीचे दिवस होते. रात्री नवाच्या सुमाराला एका कातकरी वाडीवरून दहा-बारा वर्षांच्या पोराला मोटारसायकलवर मध्ये धरून दोघे आले. पेंढ्या उचलताना विंचू चावला होता. बाप म्हणाला, "आता दुखत नाय म्हनतो. पन घामानं निथळलाय."

दुखत नाही म्हटल्यावर डॉक्टर ताडकन उठले. नुसता ठणका असता, तर त्यांना एवढी काळजी वाटली नसती. त्यांनी पोराची पावलं चाचपली. गार पडली होती. दोनदा उलटीही झाली होती. डॉक्टरांनी रिक्षा थांबवली, पोराला आत घेतलं आणि स्वतः शेजारी बसले.

सरकारी दवाखान्यातली तरुण डॉक्टरीण त्यांना बघून खुर्चीतून उठली. "सर, तुम्हीच बघा ना."

"मी पेशंटबरोबर आलोय. तुम्ही बघा, मी बाहेर बसतो."

तिने प्राझोसिनची गोळी दिली, प्रतिविष लावलं आणि रात्रभर रक्तदाब मोजत राहिली. सकाळी पोराने चहा मागितला.

बापाने मात्र डॉक्टरणीला नमस्कार न करता डॉक्टरांचे पाय धरले. "तुमचा हातगुण!"

एरवी शांत असणारे डॉक्टर भडकले. "हात तोच आहे रे! मी इथे आलो तेव्हाही हाच होता. तेव्हा असा पोरगा आला, की थोड्या वेळात त्याला धाप लागायची, तोंडाला लालसर फेस यायचा, आणि मी ह्याच हाताने त्याचे डोळे मिटायचो. लोक म्हणायचे, नशीब."

मग त्यांनी बिरवाडीची गोष्ट सांगितली. महाडजवळचं ते गाव. आपला जिल्हा तेव्हा कुलाबा होता. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली हिम्मतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर रुजू झाले. विंचवाच्या रोग्यांच्या उशाशी बसून त्यांनी प्रत्येकाची नाडी, घाम, रक्तदाब लिहून ठेवला. लाल विंचवाचं विष रक्तवाहिन्या आवळून टाकतं आणि हृदयावर भार येतो, हे ओळखून त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाचीच साधी गोळी वापरून पाहिली. १९८६ साली त्यांचा लेख लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये आला. पुढे २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

"ते मला ज्युनियर. माझा दवाखाना जोरात, आणि हे सरकारी केंद्रातले. आधी मी नाक मुरडलं. मग गोळी वापरली, आणि पोरं वाचायला लागली. त्यानंतर लोकांना माझा हातगुण दिसू लागला! गेल्या काही वर्षांत मी नवं काही वाचलेलं नाही. ह्या मुलीने प्रतिविष किती आणि कधी दिलं, ते मी तिलाच विचारून घेतलं."

काकूंच्या कानावर हे सगळं आलं. दुसऱ्या दिवशी नाडी दाखवायला आलेल्या बाईला त्यांनीच पाणी दिलं आणि रस्ता दाखवला.

पुढच्या रविवारी डॉक्टर वाडीवर गेले. जमलेल्या लोकांना त्यांनी एवढंच सांगितलं : विंचू चावला, घाम फुटला, उलटी झाली किंवा हातपाय गार पडले, तर भगताकडे वेळ घालवू नका. सरळ सरकारी दवाखाना गाठा. वाटेत माझं घर लागतं, तिथेही थांबू नका.