सभेचे भय आणि नारदाची गादी

मनुष्याला ज्या अनेक भयांनी घेरलेले असते, त्यांत चारचौघांपुढे उभे राहण्याचे भय मोठे चमत्कारिक आहे. वाघापुढे, पुरापुढे वा साथीच्या रोगापुढे मनुष्य भितो तेव्हा त्याचा जीव खरोखरच धोक्यात असतो. सभेपुढे उभ्या राहणाऱ्याच्या केसालाही धक्का लागण्याचा संभव नसतो. समोर बसलेली माणसे बहुधा त्याचे बरेच चिंतीत असतात. तरीही घशाला कोरड पडते, तळहातांना घाम फुटतो आणि पाठ केलेले शब्द ऐन वेळी दगा देतात. हे भय घालविण्याचे उपाय सांगणारे पुष्कळ भेटतात. परंतु त्याआधी एक प्रश्न विचारावयास हवा, आणि तो नीतीचा आहे. हे भय समूळ नाहीसे व्हावे अशी इच्छा तरी धरावी काय?

प्रश्न जुना असला तरी नव्या वेषात पुढे येतो. आमच्या परिचयाच्या एका मराठी कुटुंबातील तरुण लग्नसमारंभांतून यंत्रावर गाणी लावण्याचे काम करतो. अशा कलावंताला हल्ली ‘डीजे’ म्हणतात. एक गाणे संपत येताना दुसऱ्याचा ताल त्यात बेमालूम मिसळावयाचा आणि मंडळींचा रंग पाहून पुढचे गाणे निवडावयाचे, हे त्याचे कसब. तो एकदा म्हणाला, “काका, घरी एकटा असलो की हात सहज चालतो. माणसे समोर आली की बोटे थरथरतात. गाणे माझे नाही, आवाज माझा नाही. मग भीती कशाची?”

तंजावरच्या राजवाड्याच्या परिसरात वावरणाऱ्या आम्हां मराठी नोकरदारांना ह्याच्या उत्तरासाठी दूर जावे लागत नाही. येथे सुमारे १८० वर्षे, १८५५ पर्यंत, भोसल्यांचे राज्य होते. सरस्वती महालातील मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागद त्याची साक्ष देतात. राज्य गेले, तरी मराठी कीर्तन येथे रुजून राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रामचंद्रबुवा मोरगावकरांचे कीर्तन येथे गाजले. ते ऐकून तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी मराठी कीर्तनाची धाटणी उचलली, तिला कर्नाटक संगीताची जोड दिली आणि दक्षिणेच्या हरिकथेला नवे रूप दिले. साकी, दिंडी, ओवी, अभंग हे आपले छंद तमिळ कथेत जाऊन बसले ते तेव्हापासून.

कीर्तनकार तरी काय करतो? अभंग संतांचा, श्लोक व्यासांचा, आख्यान पुराणातले. त्याची स्वतःची करामत एवढीच, की कशानंतर काय घ्यावयाचे हे त्याने श्रोत्यांच्या मुद्रा पाहून ठरवावयाचे. आमच्या तरुण मित्राचे काम ह्याहून फारसे निराळे नाही. परंतु कीर्तनकाराला एक आधार असतो, जो ह्या तरुणाला कोणी दिलेला नाही. कीर्तनकार उभा राहतो ती नारदाची गादी. पूर्वरंग संपला की त्याला हार घालतात, बुक्का लावतात, वडीलधारेही त्याच्या पायांवर डोके ठेवतात. हा मान गादीचा असतो. तो तिच्यावर उभ्या असलेल्या गृहस्थाचा नसतो, हे घेणारा व देणारा दोघेही जाणतात. जेथे मान आपला नाही, तेथे अपमानही सर्वस्वी आपला राहत नाही. सभाभयाचा मोठा अंश ‘आपण कसे दिसू’ ह्या काळजीचा असतो. आणि ती काळजी नम्रतेचा वेष घेऊन आलेला अहंकारच होय. गादी त्या अहंकाराला बाजूस बसविते.

दुसरा आधार क्रमाचा. दुसरे सरफोजी महाराज (१७९८–१८३२) यांच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम व वडिवेलु हे चार बंधू होते. आज भरतनाट्यमाचा जो क्रम रूढ आहे, तो त्यांनीच बसविला. त्यात प्रथम अलारिप्पु येते. त्यात कथा नाही, भाव नाही. केवळ तालाच्या बोलांवर मान, डोळे, खांदे, हात एकेक करून जागे होतात. अर्थाचा भार अंगावर पडण्यापूर्वी शरीराला तालाचा विश्वास मिळतो. अरंगेत्रमाच्या दिवशी, म्हणजे प्रथम रंगमंचावर चढताना, मुलीला हेच तारते. कीर्तनातील नमन आणि टाळमृदंगाची साथ यांचेही काम तेच. एकट्याने व एकाएकी उडी घ्यावी, असे जुन्या लोकांनी कोणालाच सांगितले नाही.

तिसरी गोष्ट विराटपर्वात आहे. राजपुत्र उत्तराने अंतःपुरात मोठ्या बढाया मारल्या. परंतु कौरवांचे सैन्य दिसताच रथातून उडी टाकून त्याने धूम ठोकली. बृहन्नडेच्या वेषातील अर्जुनाने त्याला धरून आणले आणि लगाम हाती दिले: तू रथ हाक, लढण्याचे मी पाहतो. अर्जुन तेथे नृत्यशिक्षक होता, हे विसरू नये. भ्यालेल्याला उपदेश पुरत नाही. त्याला त्याच्या आवाक्यातले काम द्यावे लागते, हे तो शिक्षक जाणत होता.

काम मात्र अंगी मुरलेले असावे लागते. १८९१ साली विलायतेहून परतल्यावर गांधीजी मुंबईच्या लघुवाद न्यायालयात उभे राहिले. डोके गरगरू लागले, एकही प्रश्न सुचेना. त्यांनी काम सोडून दिले आणि अशिलाला फी परत केली. पुढे १८९३ साली प्रिटोरियात तेथील हिंदी लोकांपुढे त्यांनी जे भाषण केले, ते आपले आयुष्यातील पहिले जाहीर भाषण म्हणता येईल, असे त्यांनी आत्मकथेत म्हटले आहे. परक्याचे हित दोन्हीकडे होतेच. म्हणून केवळ हेतू चांगला असणे पुरत नाही. प्रिटोरियात ते पूर्ण तयारीने गेले होते, आणि व्यापारातील सचोटी हा त्यांचा विषय त्यांना मनापासून पटलेला होता. फरक तेथे आहे.

परंतु गादीचा आधार दुधारी आहे, आणि हे आम्हां कचेरीतल्या माणसांनी विशेष ध्यानात ठेवावयास हवे. “मला असे कळविण्याचा निर्देश झाला आहे,” ह्या शब्दांनी पत्राचा आरंभ केला की लेखनिकाची लेखणी जराही अडखळत नाही. नकार कोणाचा, निर्णय कोणाचा, ह्याचे ओझे खुर्चीवर जाते. हीच निर्भयता खिडकीपलीकडे उभ्या असलेल्या वृद्ध निवृत्तिवेतनधारकाशी बोलताना उर्मटपणा होते. परप्रांतात, त्याची भाषा नीट येत नसता, तर फारच लवकर होते. गादीने अहंकार काढून घ्यावा ही तिची थोरवी. तिने समोरच्या माणसाची जाणीवही काढून घेतली, तर सभाभीरू मनुष्य ह्या सभाधीटाहून शतपटीने बरा.

म्हणून सभाभयात दोन भये एकत्र वळलेली आहेत, असे आम्हांस वाटते. ‘माझे काय होईल?’ हे एक; ‘ह्यांनी मला दिलेला वेळ वाया तर जाणार नाही ना?’ हे दुसरे. पहिले जितके झिजेल तितके उत्तम. तयारीने, क्रमाने, साथीदारांनी आणि हाती काम घेतल्याने ते झिजते. दुसरे हे मुळी भय नव्हे, ती श्रोत्यांविषयीची भीड होय. पाब्लो कासाल्स हा जगन्मान्य सेलोवादक. कार्यक्रमापूर्वीची धास्ती त्याला आयुष्यभर सुटली नाही. १९०१ साली अमेरिकेत डोंगरावर एक दगड पडून त्याचा हात दुखावला, तेव्हा आता पुन्हा वाजवावे लागणार नाही, ह्या सुटकेचाच विचार प्रथम मनात आल्याचे त्याने सांगितले आहे. तरी हात बरा झाल्यावर तो वाजवीतच राहिला. धैर्य ह्याला म्हणावे. ज्याची बोटे कधीच थरथरत नाहीत, त्याने समोरच्या माणसांकडे नीट पाहिले आहे काय, हे एकदा तपासावे.