सात दिवसांचे दूध



दुधाचा धंदा करणारे आपले एक बांधव मिस्सानंतर आम्हाला दारातच भेटले. गायीला दगडी झालेली, सड सुजलेले. डॉक्टरांनी सडात अँटिबायोटिक भरले आणि बजावले की, शेवटच्या औषधानंतर सात दिवस दूध विकायचे नाही. "फादर, दिवसाला आठ लिटर. छप्पन्न लिटर दूध नालीत ओतू का? हप्ता कोण भरणार? आणि कुणाला कळणार आहे?"

आम्ही लगेच उत्तर देऊ शकलो नाही. चोरीत ज्याचे गेले तो माणूस डोळ्यांसमोर असतो. इथे ज्याचे नुकसान होते त्याला चेहराच नाही. औषधाला जे जिवाणू बळी पडतात ते मरतात. जे चिवट असतात ते उरतात आणि वाढतात. गोठ्यात, शेणात, धार काढणाऱ्याच्या हातावर, कच्च्या दुधात. दूध उकळले की चिवट जिवाणूही मरतात, पण औषधाचा अंश उकळून पुरता जात नाही. (विरजण लागत नाही म्हणून आपण दह्याला दोष देतो, कधीकधी दोष या औषधाचा असतो.) नालीऐवजी ते दूध वासराला पाजले, तर त्याच्या पोटात तेच चिवट जिवाणू पोसले जातात. पुढे केव्हातरी, कुठल्यातरी दवाखान्यात, एखाद्या लेकराला औषध लागू पडत नाही. ते लेकरू कोणाचे, हे कोणालाच सांगता येणार नाही.

पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंगनेच १९४५ साली, नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानात, या धोक्याची सूचना दिली होती. आपल्या देशात २०१८ च्या सरकारी पाहणीत दुधाच्या ६,४३२ नमुन्यांपैकी ७७ नमुन्यांत अँटिबायोटिक मर्यादेपेक्षा जास्त निघाले. शंभरात एकाहून थोडे अधिक. घाबरून दूध सोडण्याचे कारण नाही, पण "कोण करतो असे?" म्हणण्याचेही नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी विक्रीच्या न्यायाची चर्चा करताना म्हटले आहे की, मालातला छुपा दोष घेणाऱ्याला धोक्याचा असेल, तर विकणाऱ्याने तो सांगितलाच पाहिजे. सेमिनरीत हे शिकताना आम्हाला सोपे वाटले होते. त्या वेळी समोर कर्ज काढून गाय घेतलेला माणूस उभा नव्हता. दूध विकणे चूकच, यात आम्हाला शंका नाही. पण चूक त्याची आणि तोटाही एकट्या त्याचाच, हा हिशेब आम्हाला पटत नाही. शुद्ध दूध आपल्या सगळ्यांना हवे आहे. मग त्या सात दिवसांचा भार एकाच घराने का सोसावा? आणि आपण तरी कुठे निर्दोष आहोत? साध्या सर्दीला अँटिबायोटिक काही करू शकत नाही, तरी मेडिकलवर जाऊन चिठ्ठीविना गोळ्या मागणारे आपणच. आम्हीही मागितल्या आहेत.

आम्ही त्यांना सांगितले, दूध विकू नका, वासरालाही पाजू नका. धर्मगुरुनिवासात तुमचे रोज एक लिटर येते. या सात दिवसांचे पैसे आम्ही दूध न घेता देऊ. त्यांची आणखी काही गिऱ्हाइके आपल्याच धर्मग्रामातली आहेत. ते म्हणाले, "लोकांना मी कसे विचारू, फादर? मला लाज वाटते."

म्हणून त्यांच्या वतीने आम्ही विचारत आहोत. येत्या रविवारी मिस्सानंतर आम्ही दारातच थांबू.