एकोणतीस तास

आपल्याकडे दुकानात कामाला लागलेल्या पोराला पहिला प्रश्न असतो, ‘महिना किती?’ रजा जास्त झाल्या की मालक खाडा धरतो. खाडा हा शब्द मला अलीकडे मोलाचा वाटू लागला आहे, कारण तो धरायला आधी महिन्याचा पगार ठरलेला असावा लागतो. अमेरिकेतल्या मोठ्या साखळी दुकानांमध्ये गल्ल्यावर उभं राहणाऱ्या किंवा फळ्या भरणाऱ्या माणसाच्या नशिबी खाडासुद्धा नाही. त्याचा दर तासाचा, आणि या आठवड्यात तास किती, हे दुकान ठरवणार.

तिथला वाद मात्र दरावरच रंगतो. केंद्राचं किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर, २००९ पासून ते तिथेच आहे. कित्येक राज्यांनी आपापलं जास्त ठरवलं. वॉलमार्टने सुरुवातीचा दर २०१५ मध्ये ९ डॉलरवर आणि २०२३ मध्ये १४ वर नेला. टार्गेटने २०२० मध्येच १५ गाठले. वर्तमानपत्रांत मथळे झाले. पण १५ डॉलरने ४० तास भरले तर आठवड्याचे ६०० डॉलर, आणि २९ तास भरले तर ४३५.

२९ च का? २०१० च्या आरोग्यविमा कायद्यात आठवड्याला सरासरी ३० तास काम करणारा तो पूर्णवेळ कामगार. मोठ्या मालकाने अशांना विमा देऊ करायचा, नाहीतर दंड सोसायचा. हेतू चांगलाच, पण रेघ आखली की तिच्या अलीकडे थांबण्यात कुणाचा तरी फायदा असतोच. ३० तासांच्या आतल्यांचा विमा बंद करत असल्याचं वॉलमार्टने २०१४ मध्ये जाहीर केलं. झळ सुमारे ३०,००० जणांना. त्यातल्या काहींना अनुदानित विमा बाहेर स्वस्त पडला असेल. म्हणजे भार सरकारने उचलायचा.

विम्याहून मला जास्त खुपते ती पाळ्यांची तऱ्हा. गिऱ्हाईक किती येणार याचा अंदाज संगणक बांधतो, त्यावर माणसं कमी-जास्त होतात. ठाण्या-डोंबिवलीच्या नाक्यावरचा बिगारी दहापर्यंत कुणी नेलं नाही, तर डबा घेऊन घरी परततो. दिवस बुडाला, पण बुडाला हे त्याला कळतं. ‘ऑन-कॉल’ पाळीतला कामगार तयार होऊन फोनपाशी बसतो. बोलावणं आलं नाही तर बसण्याचे पैसे बहुतेक ठिकाणी नाहीत, आणि येईल या धास्तीने दुसरी नोकरीही धरवत नाही. ‘मी कधीही येईन’ असं लिहून न देणाऱ्याचे तास आधी कापले जातात, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

दर अगदीच गौण आहे, असं मात्र म्हणता येणार नाही. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०२० मध्ये पाहणी केली, तेव्हा सरकारी अन्नमदत घेणाऱ्या नोकरदार प्रौढांपैकी सुमारे ७० टक्के जण आठवड्याला पूर्णवेळ राबत होते. त्यांचे मालक कोण, याच्या राज्याराज्यांच्या याद्यांत वॉलमार्टचं नाव वरच्या ओळींत होतं. पूर्ण तास मिळूनही शिधा पुरत नाही, अशीही माणसं आहेतच.

पण तासांचा प्रश्न उरतोच. त्यावर सिॲटल शहराने २०१७ पासून मोठ्या दुकानांना १४ दिवस आधी पाळ्या कळवायचं बंधन घातलं. त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे, त्याची चर्चा कमी होते: नवा माणूस नेमण्याआधी वाढीव तास जुन्या कामगारांपुढे ठेवायचे. तासाला १५ डॉलर मागणाऱ्या मोर्चात मी असतो, तर फलकावर हे कलम लिहिलं असतं.