देवदूत दुसऱ्यांदा आला



आजच्या पहिल्या वाचनातला (1 राजे 19:4-8) एलिया आपल्या ओळखीचा वाटत नाही. कार्मेल डोंगरावर बआलच्या संदेष्ट्यांसमोर एकटा ठाम उभा राहिलेला हा माणूस आता रानात एका झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागतो आहे. ईजबेल राणीने जिवाची धमकी दिली होती, हे खरे. पण सोबतच्या सेवकालाही त्याने मागेच ठेवले आणि एकटाच रानात शिरला.

ज्या घरात तरुण मुलगा किंवा मुलगी तीव्र नैराश्याने आजारी आहे, त्या घराला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. कालपर्यंत गायनमंडळात पुढे असणारी लेक खोलीचे दार लावून घेते. अंघोळ नको, जेवण नको, कॉलेज नको. आई दाराबाहेर ताट ठेवते आणि तासाभराने ते तसेच उचलते. मिस्सानंतर कोणी विचारले, तर ‘परीक्षेचा अभ्यास चालला आहे’ असे सांगते. बोभाटा झाला तर उद्या पोरीच्या लग्नाचे काय?

अशा घराला आपण बहुधा सल्ले देतो. रोझरी म्हणत नाही म्हणून असे झाले, मोबाईल काढून घ्या, आमच्या वेळी नव्हती ही थेरं! काही जण तर दृष्ट-करणीपर्यंत जातात. देवदूताने यांतले काहीच म्हटले नाही. कार्मेलवरचा तुझा विश्वास कुठे गेला, असेही विचारले नाही. त्याने एलियाला स्पर्श केला, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी पुढे ठेवले. एलिया खाऊन पुन्हा आडवा झाला, अगदी आपल्या घरी होते तसाच. तरी देवदूत रागावला नाही. तो दुसऱ्यांदा आला आणि पुढची वाट तुला झेपणारी नाही, हे त्याने मान्य केले.

नैराश्य हा आजार आहे. ती विश्वासाची उणीव नव्हे की आईवडिलांच्या संस्कारांचा पराभव नव्हे. नोव्हेना करावी आणि मनोविकारतज्ज्ञांकडेही न्यावे. आम्ही धर्मगुरू डोक्यावर हात ठेवून प्रार्थना जरूर करू, पण औषधाची चिठ्ठी आम्हाला लिहिता येत नाही. गोळ्यांचा गुण दिसायला अनेकदा 2 ते 4 आठवडे, कधी त्याहून अधिक लागतात. फरक नाही म्हणून किंवा जरा बरे वाटले म्हणून त्या स्वतःहून बंद करू नयेत. होरेब गाठायला एलियालाही 40 दिवस आणि 40 रात्री चालावे लागले.

मुलाच्या तोंडी मरणाची भाषा आली, तर ‘असे बोलू नये’ म्हणून त्याला गप्प करू नका. जीव द्यावासा वाटतो का, असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही; उलट कोंडलेले बाहेर येते. त्याला एकटे सोडू नका. वाडीतली फवारणीची औषधे आणि घरातल्या गोळ्या कुलुपात ठेवा, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. शासनाचा 14416 हा ‘टेली मानस’चा मोफत क्रमांक 2022 पासून रात्री-अपरात्रीही उपलब्ध आहे.

लोक काय म्हणतील, ही भीती मोठी असते. लिजिएच्या संत तेरेजाचे वडील लुई मार्टिन यांना 1889 साली मनोरुग्णालयात ठेवावे लागले. तेथे ते सुमारे 3 वर्षे होते. त्यांचा आजार वेगळा होता, पण कुजबुज हीच! मुली मठात गेल्या म्हणून बापाचे डोके फिरले, असे लोक बोलत. त्याच लुईंना पत्नी झेलीसह ख्रिस्तसभेने 2015 साली संत घोषित केले.

शेजाऱ्यांनी अशा घरी सल्ला न देता डबा न्यावा. आईला तासभर मिस्साला जाता यावे म्हणून कोणी तरी मुलीजवळ बसावे. ती बोलली नाही तरी चालेल. पहिल्या खेपेला तिने दार उघडले नाही, तर पुढच्या आठवड्यात पुन्हा जावे.